यकृत सुजलं, पण खोट यकृतात नाही

पत्र

डॉक्टरबाई, नमस्कार. आम्ही निपाणी भागातले. माझ्या सासूबाई 62 वर्षांच्या आहेत, आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. उमेदीची वर्षं तंबाखूच्या वखारीत गेली, घरी चूल. दोन-तीन वर्षं खोकला आणि दम लागणं आहे, त्याला पंप घेतात. दिवाळीपासून दोन्ही पाय सुजतात, संध्याकाळी पायात चप्पल जात नाही. उजव्या बरगडीखाली जड वाटतं, दोन घास खाल्ले की पोट भरतं. रात्री उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपतात. सोनोग्राफीत ‘लिव्हर वाढलंय, कंजेशन आहे’ असं आलं. आक्कांनी जन्मात दारूचा वास घेतला नाही, मग लिव्हर कशानं बिघडलं? एका डॉक्टरांनी लिव्हरचं टॉनिक दिलंय, दुसऱ्यांनी गुडघ्याच्या गोळ्या, पंप तिसऱ्यांचा. गल्लीतले म्हणतात अंगात रक्त जास्त झालंय, नासलंय, जळवा लावून काढा. माझी आई म्हणते बीट-डाळिंब बंद करा, आणखी रक्त वाढेल. मोठे दीर म्हणतात कोल्हापूर, आमचे हे म्हणतात बेळगाव. आणि आक्कांनी माघात चिंचलीला मायाक्काच्या यात्रेला जायचं धरलंय. काय करू?

ता. क. धाकट्या जाऊबाई बाळंत होऊन तीन आठवडे झालेत. त्यांचाही डावा पाय सुजलाय, पोटरी दुखते. बाळंतपणाची सूज म्हणून तेल लावून रगडतोय. चालतंय न्हवं?

— एक सून, निपाणी तालुका

उत्तर

ताई, तुमची ता. क. वाचली आणि बाकीचं पत्र बाजूला ठेवून आधी फोन लावला. तेव्हा बोलले तेच इथं छापायला देते, कारण बाळंतिणीची सुजलेली पोटरी रगडणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत.

बाळंतपणानंतर दोन्ही पायांना थोडी सूज येते आणि हळूहळू उतरते, त्याचं काही नाही. पण एकच पाय सुजला, पोटरी दुखते, हाताला गरम लागते, तर आतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे असंच धरून चालायचं. तपासणीत ‘नाही’ आलं तर आनंदच. गरोदरपणात बाईचं रक्त लवकर गोठावं अशी निसर्गानंच सोय केलेली असते, म्हणजे बाळंत होताना रक्त फार जाऊ नये. ही सोय बाळंतपणानंतरही सुमारे सहा आठवडे टिकते. त्यात आपण बाळंतिणीला खाटेवरून हलू देत नाही आणि पाणीही बेतानं देतो. डावा पाय जास्त वेळा धरतो, कारण डाव्या पायाची मुख्य शीर ओटीपोटात एका रोहिणीच्या, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिनीच्या, खालून जाते आणि तिथं ती दाबली जाते. अशा पायाला तेल लावून रगडलं तर गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात जाऊन बसू शकतो, आणि मग अर्ध्या तासात होत्याचं नव्हतं होतं. म्हणून रगडणं बंद, शेक बंद, आणि त्याच दिवशी पायाची डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे शिरेतलं रक्त वाहतंय का ते दाखवणारी. गुठळी निघाली तर रक्त पातळ ठेवणारी औषधं लागतात, आणि अंगावर पाजताना चालतील अशीही त्यात आहेत. बाळाला तोडायची गरज नाही.

आता आक्का. एका घरात दोन बायकांचे पाय सुजले म्हणून दुखणं एक नव्हे. जाऊबाईंची एक शीर अडली, म्हणून एक पाय. आक्कांचे दोन्ही पाय, यकृत, पोट आणि श्वास सगळं एकदम तक्रार करतंय. जिथून या सगळ्यांचं रक्त परत जातं त्या मधल्या जागी अडचण असल्याशिवाय असं होत नाही. म्हणजे टॉनिक, गुडघ्याची गोळी आणि पंप देणाऱ्या तिघांनी प्रत्येकी एकेक टोक धरलंय, आणि आजार बहुतेक एकच आहे. ‘बहुतेक’ म्हणते, कारण पत्रावरून निदान करत नाही मी.

आधी ‘रक्त जास्त झालं’ याचा निकाल लावू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं, आणि स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय दर मिनिटाला जवळजवळ तेवढंच रक्त फिरवतं. तेच तेच रक्त फिरून येतं हे 1628 साली विल्यम हार्वे या इंग्रज वैद्यानं मांडलं. त्याआधी युरोपातले वैद्य मानायचे की यकृत अन्नापासून रोज नवं रक्त तयार करतं आणि शरीर ते वापरून संपवतं. तुमच्या गल्लीचं मत साधारण त्या काळातलं आहे. सोनोग्राफीत जे ‘कंजेशन’ आलं त्याचा अर्थ रक्त जास्त तयार झालं असा नाही. यकृतात आलेलं रक्त बाहेर पडायला अडतंय, असा आहे.

एखाद्या अवयवात रक्त दोन तऱ्हांनी वाढतं. एक, येणारं वाढलं म्हणून. खर्डा खाऊन कान लाल होतात, मधमाशी चावल्यावर जागा गरम होते, चढण चढताना पायाच्या स्नायूंत रक्त धावतं. यात रोहिण्या रुंदावतात, रक्त ताजं आणि लाल असतं, कातडी गरम लागते, आणि काम संपलं की ओसरतं. दुसरी तऱ्हा जाणारं अडल्यामुळे. इथं प्राणवायू देऊन झालेलं, काळसर रक्त शिरांमध्ये तुंबून राहतं. ओठ-नखं निळसर, पाय जड आणि गार, आणि शिरांतला दाब वाढल्यानं रक्तातलं पाणी केशवाहिन्यांच्या भिंतीतून झिरपून मांसात साठतं. आक्कांच्या नडगीवर अंगठा दहा-पंधरा सेकंद दाबून बघा. खड्डा पडून तसाच राहिला तर ते हेच झिरपलेलं पाणी.

अडतं कुठं हे समजायला तुम्हाला पुस्तक नको. पावसाळ्यात आपली वेदगंगा बघा. गावात पाऊस उघडलेला असतो, तरी पाणी उतरत नाही, उलट मळ्यात चढतं. कारण वेदगंगा दूधगंगेला मिळते, दूधगंगा पुढं चिकोडी तालुक्यात कृष्णेला, आणि कृष्णाच तुडुंब असली की मागच्या नद्यांना फुगवटा येतो. ज्याचं शेत बुडतं त्याच्या बांधात दोष नसतो. आक्कांचं यकृत म्हणजे ते बुडालेलं शेत.

आता अंगातली कृष्णा कुठली? हृदयाची उजवी बाजू अंगभरातून आलेलं रक्त फुप्फुसात ढकलते, आणि डावी बाजू फुप्फुसातून आलेलं अंगभर पाठवते. वर्षानुवर्षं वखारीतली धूळ आणि चुलीचा धूर घेतलेल्या फुप्फुसात प्राणवायू कमी पडतो, आणि तो कमी पडला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात. त्या आवळलेल्या वाटेतून रक्त ढकलताना उजव्या हृदयावर ताण येतो. आधी ते जाडजूड होतं, मग थकतं, मग पसरतं. रक्त मागं तुंबायला लागतं, आणि मागं पहिलं घर यकृताचं. यकृताच्या शिरा हृदयाच्या अगदी तोंडाशी महाशिरेत उघडतात आणि मध्ये झडप नाही. हृदयातला दाब जसाच्या तसा यकृतात उतरतो. शिवाय हृदयानं पाठवलेल्या रक्तापैकी जवळपास चौथा हिस्सा यकृतातून जातो, म्हणजे तुंबायला माल भरपूर. यकृत फुगतं, त्याच्यावरचं पातळ आवरण ताणलं जातं, आणि बरगडीखालचं ते जडपण तिथून येतं. फार दिवस असं राहिलं तर यकृत कापल्यावर लाल-पिवळी नक्षी दिसते, डॉक्टर त्याला जायफळी यकृत म्हणतात. डोळे थोडे पिवळेही होऊ शकतात. तेव्हा कोणी काविळीचा पाला नाकात पिळायला सुचवलं तर हात जोडून नाही म्हणा.

आतड्यांचं रक्तही यकृतातूनच पुढं जातं. यकृत तुंबलं की आतडीही तुंबतात, म्हणून दोन घासांत पोट भरतं. अशा आतड्यांतून औषधही नीट शोषलं जात नाही, त्यामुळे काही वेळा गोळीनं न होणारं काम दवाखान्यात शिरेतून इंजेक्शन दिल्यावर होतं. आणि मूत्रपिंडं? पुढच्या बाजूनं रक्त कमी येतंय आणि मागं तुंबलंय अशा अवस्थेत त्यांची फसगत होते. अंगात पाणी कमी पडलंय असं समजून ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात. तुंबलेल्यात भर पडते. दिवाळीत घोट्यापाशी असलेली सूज आता नडगीवर चढली असेल तर ती अशी.

एक गोष्ट मात्र मला खटकते. बसून झोपावं लागणं. दम्यामुळेही तसं होतं, पण आडवं झाल्यावर गुदमरणं हे डाव्या हृदयाचंही लक्षण आहे. डावी बाजू थकली किंवा तिची झडप अरुंद झाली की फुप्फुसातच रक्त तुंबतं, आणि पुढं तोच ताण उजवीकडे जातो. लहानपणी घसा आणि सांधे धरून ताप येऊन गेलेल्या बायकांमध्ये अरुंद झडप कितीतरी वर्षांनी उघडकीला येते. आक्कांच्या माहेरच्या कुणाला आठवत असेल तर विचारा. झडप असेल तर इलाज निराळा, फुप्फुस असेल तर निराळा, आणि यकृताच्या टॉनिकानं दोन्हींत काही होत नाही. म्हणून हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे एको, झाल्याशिवाय पुढं जाऊ नका. सोबत ईसीजी, छातीचा एक्स-रे, बोटाला लावून प्राणवायू, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, थायरॉइड आणि लघवीतलं प्रोटीन. शेवटचं यासाठी की मूत्रपिंडातून प्रोटीन जात असलं तरी पाय सुजतात. आणि आक्कांना बीपीसाठी ॲम्लोडिपिन चालू असेल तर तेही सांगा, त्या गोळीनंसुद्धा घोटे सुजतात.

आता घरात काय करायचं.

गुडघ्याच्या गोळ्या आजपासून बंद करा आणि ज्यांनी दिल्या त्यांना तसं कळवा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरायला लावतात, आणि थकलेल्या हृदयाच्या माणसाला दवाखान्यात पोचवायला तेवढं पुरतं. बाजाराच्या दिवशी सांधेदुखीवर मिळणारी बिननावाची पुडी घेत असतील तर तीही नको, अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. फक्त ते बरेच दिवस चालू असेल तर एकदम तोडू नका, आधी डॉक्टरांना पुडी दाखवा. गुडघ्याला तूर्त पॅरासिटामॉल चालेल, तेही यकृत तुंबलेलं असताना किती घ्यायचं ते विचारून. पंप चालूच ठेवायचा. पंपाची सवय लागते म्हणून बायका तो दडवून ठेवतात, त्यात काही अर्थ नाही.

मीठ. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालासुद्धा दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सगळं धरून. आपल्या घरात तेवढं सांडगी मिरची आणि लोणच्यातच संपतं. पापड, सुकट, बोंबील, फरसाण, चहाबरोबरची खारी, मीठ घातलेलं ताक, भाकरीच्या पिठातलं मीठ, यातलं काय काय आक्कांच्या ताटात येतं ते आठवडाभर बघा. सैंधव चालतं असं कोणी सांगेल. तेही मीठच आहे. ‘लो सोडियम’ मीठ तर विचारल्याशिवाय मुळीच नको. त्यात पोटॅशियम असतं, आणि अशा रुग्णांना पुष्कळदा दिली जाणारी स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी पोटॅशियम आधीच वाढवते. बिनमिठाचं जेवण आक्कांना गोड लागणार नाही हे मला कळतं. जवारी मिरची, लसूण, कोकम, लिंबू, कोथिंबीर सढळ वापरा, महिनाभरात जिभेला सवय होते.

पाणी तोडायचं की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्या. सगळ्यांना तोडावं लागत नाही. लघवीची गोळी मिळाली तर सकाळी द्यायची, नाहीतर रात्र न्हाणीघराच्या वाटेवर जाईल. गावाला जायचं म्हणून गोळी चुकवणं हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. वेळ बदलता येते, दिवस गाळायचा नाही. आणि एक वजनकाटा विकत आणा. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करून कॅलेंडरवर लिहायचं. तीन दिवसांत 2 किलो वाढलं तर ते जेवणाचं नव्हे, पाण्याचं वजन आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

पाय उंच करून झोपवा असं तुम्हाला नक्की कुणीतरी सांगितलं असेल. शिरा फुगल्यामुळे सुजणाऱ्या पायांना ते उत्तम, पण आक्कांना आडवं झाल्यावरच दम लागत असेल तर पायातलं पाणी छातीकडे आणून काय साधणार? एको होईपर्यंत त्यांना हवं तसं, टेकून झोपू द्या. घट्ट पायमोजेही तोवर नकोत.

जळवांचं मला हसू येणार नाही, कारण त्या आजही कामाला येतात. तुटलेलं बोट परत जोडल्यावर त्यात रक्त येतं पण शीर नीट न जुळल्यानं बाहेर जात नाही, बोट काळंनिळं पडतं. तेव्हा शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर मुद्दाम पाळलेल्या जळवा लावून तुंबलेलं रक्त काढतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2004 मध्ये त्याला मान्यता दिली आहे. पण ती एका बोटाची, काही दिवसांची अडचण. आक्कांच्या पायात साठलंय ते रक्त नव्हे, पाणी, आणि अडलंय छातीत. ताणलेल्या, पातळ झालेल्या कातडीला जळवेनं भोक पाडलं तर जंतू शिरतील आणि जखम आठवडेच्या आठवडे झिरपत राहील.

बीट-डाळिंब खाऊ देत. हिमोग्लोबिन वाढणं आणि रक्त तुंबणं यांचा संबंध तुमच्या आई लावतात तसा नाही. उलट रक्त फार कमी असेल तर हृदयाला दुप्पट धावावं लागतं. मात्र आईंचं अगदीच चूक नाही: फुप्फुस जुनं खराब असेल तर प्राणवायू कमी पडतोय म्हणून शरीर हिमोग्लोबिन जास्त बनवतं आणि रक्त दाट होतं. रिपोर्टमध्ये ते कळेल. तोवर लोहाच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका.

कोल्हापूर की बेळगाव? दोन्हीकडे एको होतो, दोन्हीकडे चांगले डॉक्टर आहेत. तुम्हाला कोल्हापूर जवळ पडतं. माझ्या मते शहर महत्त्वाचं नाही, एकच फाईल आणि एकच फिजिशियन महत्त्वाचा, ज्यांच्याकडे दर महिन्याला जाणं जमेल. खर्चाचं म्हणाल तर बीपीएल रेशनकार्ड असेल तर ‘आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक’ खाली कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. त्यासाठी साधारणपणे आधी सरकारी दवाखान्यातून रेफरल घ्यावं लागतं, तातडीच्या वेळी मात्र नाही. महाराष्ट्रानंही 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करत असल्याचं जाहीर केलं. तुमचं गाव त्यात आहे का आणि कुठल्या रुग्णालयात ती चालते, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. राजकारण बाजूला ठेवा, ज्या राज्याचं कार्ड चालेल ते चालवा.

चिंचलीचं आक्कांना असं सांगा की आधी एको, मग मायाक्का. औषधांनी सूज उतरली, बसल्या जागी दम लागत नसेल, तर गाडीनं नेऊन त्याच दिवशी परत आणा, भंडाऱ्याच्या गर्दीत नको. नाहीतर यंदा तुम्ही जाऊन ओटी भरून या. पण आडवं होताच घुसमट, ओठ निळे, खोकल्यातून गुलाबी फेस, बरळणं किंवा घेरी यातलं काही झालं तर यात्रा नाही आणि ओपीडीही नाही, 108 लावायचा.

बरं किती होईल हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. तुंबा उतरला की यकृत पुष्कळ सावरतं, भूकही परत येते. फुप्फुसाचं जे गेलं ते परत येत नाही, राहिलेलं मात्र सांभाळता येतं. चूल आक्कांच्या वाट्यातून काढा, गॅस असूनही पाण्याला आणि भाकरीला चूल पेटवता तीसुद्धा. मशेरी लावत असतील तर तीही सोडवा, त्यातला तंबाखू नाडी आणि बीपी वाढवतो. तपासणीत प्राणवायू कायम कमी निघाला तर डॉक्टर घरी ऑक्सिजन मशीन ठेवायला सांगतील. ते दम लागेल तेव्हा दहा मिनिटं नाकाला लावायचं यंत्र नव्हे. दिवसातले किमान 15 तास लावलं तरच उजव्या हृदयाला त्याचा फायदा होतो, म्हणजे झोप, दुपार आणि टीव्हीचा वेळ सगळा त्यात धरा. आणि ते चालू असताना त्या खोलीत चूल, बिडी, उदबत्ती, निरांजन काही पेटलेलं नको. देवघर त्याच खोलीत असेल तर आक्कांची खाट दुसरीकडे हलवा.